बरोब्बर एक तास

लिओबा केटररच्या डोक्यात बिघाड झालाय, हे तिच्या मुलाला फोन करून कळवणारा माणूस मीच. सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या चांगुलपणाबद्दल कुणाचा भलता समज व्हायला नको.

मी एगोन डोल्ड. वय शहात्तर, गुडघे त्याहून म्हातारे. लिओबा माझ्या वरच्या मजल्यावर राहते, एकोणऐंशी वर्षांची आहे. आमच्या फुर्टवांगन गावातल्या घड्याळाच्या कारखान्यात आम्ही एकतीस वर्षं एका छताखाली काढली. ती रेडिओ-घड्याळाच्या अँटेनाचं काम करायची. बोटाएवढ्या काळ्या कांडीवर केसासारखी बारीक तांब्याची तार, एकाला एक लागून वेढे. मी तपासणीच्या खोलीत बसून सगळ्यांच्या चुका काढायचो. तिच्या फारशा निघायच्या नाहीत, आणि त्याचा मला तेव्हा राग यायचा.

हे घड्याळ स्वतःच्या अकलेवर चालत नाही. फ्रँकफर्टजवळच्या एका मनोऱ्यावरून रेडिओलहरींनी अहोरात्र वेळ सांगितली जाते. घड्याळ ती रात्री ऐकतं आणि आपले काटे नीट करून घेतं. मार्चअखेर सगळ्या देशाची उन्हाळी वेळ लागली की एक तास पुढं, ऑक्टोबरअखेर हिवाळी लागली की एक तास मागं, कुणी हात लावायचा नाही. आमच्या गावात घरटी एक तरी असं घड्याळ आहे. जावई वाईट निघाला हे लोक इथं कबूल करतील, पण घड्याळ वाईट निघालं हे करणार नाहीत.

तर मार्चचा शेवटचा रविवार. आदल्या रात्री उन्हाळी वेळ लागलेली. साडेनऊची प्रार्थना संपत आली, पाद्रीबाबांनी आशीर्वादाला हात वर केला, आणि मागचं दार उघडून लिओबा आत आली. चांगला कोट, टोपी, हातात पुस्तक. लोक उठायला लागलेले पाहून ती तिथंच उभी राहिली. आयुष्यात ही बाई कधी कुठं उशिरा पोचलेली नाही. नवऱ्याच्या अंत्ययात्रेलासुद्धा सगळ्यांच्या आधी दहा मिनिटं उभी होती.

बाहेर पायऱ्यांवर वाल्ट्राऊटनं तिला गाठलं. वाल्ट्राऊट चर्चची घंटा बघणाऱ्याची बायको. गावात कोण कुठं अडखळलं याची पहिली खबर तिलाच असते.

"काय गं लिओबा, घड्याळ पुढं करायला विसरलीस वाटतं?"

"माझं घड्याळ आपलं आपण पुढं जातं," लिओबा म्हणाली. "मी स्वतः बनवलंय ते."

घड्याळ रेडिओवर चालणारं, आपल्या कारखान्यातलं, तिच्या हातचं. ते चुकणं शक्य नाही. म्हणजे उरलं कोण? सगळ्यांनी तिच्याकडे जरा जास्तच मायेनं पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

सोमवारी तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नऊला बोलावलं होतं. मी खिडकीतून पाहिलं, ती पावणेदहाला निघाली आणि अर्ध्या तासात परत आली. जिन्यात मी मुद्दाम दार उघडून उभा राहिलो.

"एवढ्यात झालं?"

"नऊची वेळ होती. नऊलाच गेले मी. ती काउंटरवरची मुलगी म्हणाली, दहा वाजून गेलेत, आता पुढच्या महिन्यात या."

"मग?"

"मग काय. वाजले असतील दहा."

दुसरी कुणी बाई त्या मुलीशी भांडली असती. लिओबा तर नक्कीच भांडली असती. ती नुसती "वाजले असतील" म्हणाली, आणि कठड्याला धरून वर गेली. तिची आई शेवटची चार वर्षं पोटच्या मुलीला "अहो बाई" म्हणून हाक मारायची. लिओबाला जगात दुसऱ्या कशाची भीती नाही, पण याची आहे.

मी क्लेमेन्सला फोन केला. क्लेमेन्स तिचा एकुलता एक, फ्रायबुर्गला असतो, पोरगा सरळ आहे. मी त्याला रविवारचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं, आणि वर शहाणपणानं म्हणालो, "बाबा रे, आईकडे आता लक्ष द्यायला हवं." उचलली जीभ लावली टाळ्याला. एक मजला चढून तिलाच विचारावं, हे मला सुचलं नाही. गुडघे दुखतात, ही सबब माझ्याकडे कायम तयार असते.

मंगळवारी संध्याकाळी सहाला येतो म्हणून क्लेमेन्सनं आईला कळवलं आणि सहाला आला. तिनं पिठाच्या हातांनी दार उघडलं. "अरे, तू तासभर लवकर कसा?" जाताना माझ्या दारात उभा राहून त्यानं हे मला सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते. त्याच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. गेल्या वर्षीच त्यानं नाव घालून ठेवलेलं, सहज, पुढची सोय म्हणून. शनिवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. हो म्हटलं तर इथलं घर सोडायचं.

गुरुवारी लिओबानं स्वतःच हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. उलट क्लेमेन्स म्हणत होता, आणखी विचार कर. शुक्रवारी संध्याकाळी तो कागद घेऊन येणार आणि ती सही करणार, असं ठरलं.

मला ती जायला नको होती. हिल्ट्रूड, माझी बायको, जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मुलगी दूर राहते. त्या अकरा वर्षांत दर शुक्रवारी तीन वाजता लिओबा केक घेऊन खाली येते, मी कॉफी करतो, आणि आम्ही कारखान्यातल्या मेलेल्या आणि जिवंत माणसांची निंदा करतो. माझ्या आठवड्यात एवढीच एक गोष्ट आहे जिच्यासाठी मी दाढी करतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिला तर नाहीच.

त्या शुक्रवारीही मी दाढी करून बसलो. तीन वाजले, कॉफी झाली. साडेतीन झाले, कॉफी गार झाली. चारला चर्चच्या घंटेचे ठोके पडायला लागले आणि त्याच क्षणी माझ्या दाराची घंटा वाजली.

"केक काय जिन्यात राहायला गेला होता?" मी म्हणालो. मला काळजी वाटली की मी असाच बोलतो.

"तीनच तर वाजलेत," ती म्हणाली, आणि माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे तिची नजर गेली. तिच्यासारखंच घड्याळ, तोच नमुना. त्यात चार वाजले होते. तिनं केक टेबलावर ठेवला आणि हळूच बसली.

"बघ. परत."

"होतं असं."

"होत नाही असं, एगोन. मी निघताना तीन वाजलेले पाहिले. डोळ्यांनी पाहिले. म्हणजे घड्याळात चार होते आणि मी तीन वाचले. रात्री टीव्ही लावते तर बातम्या संपून कुठलातरी सिनेमा चालू असतो. चर्चचे ठोके मोजते, ते एक जास्त भरतात. रोज. मला आता मोजतासुद्धा येत नाही." तिनं पर्समधून किल्ली काढली. "ही ठेव. जिरेनियमच्या कुंड्या तुला. पाणी जास्त घालू नकोस, तू सगळ्याला जास्त घालतोस."

मी किल्ली हातात घेतली. लिन्झर केक होता, तिनं कापला, तुकडा माझ्यासमोर सारला. ती कुंड्यांबद्दल बोलत होती, तळघरातल्या मुरंब्याच्या बरण्यांबद्दल बोलत होती, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुटमळत होती. ठोके पडत होते आणि दार वाजलं. पहिल्या ठोक्याला. ही बाई तासभर उशिरा आली, पण मिनिटभरही इकडं-तिकडं नाही.

तपासणीच्या खोलीत माझा मास्तर पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवायचा. चूक रोज वेगळी असेल तर हात बघा. चूक रोज सारखी असेल तर हाताला सोडा, यंत्र बघा.

"लिओबा, रविवारी तू चर्चला किती उशिरा आलीस?"

"तू होतास की तिथं. जखमेवर मीठ कशाला चोळतोस?"

"सांग."

"तासभर."

"डॉक्टरकडे?"

"तासभर."

"पाऊण तास नाही? दीड तास नाही? क्लेमेन्स आला तेव्हा?"

"अरे, उलटतपासणी काय घेतोस? तासभर, तासभर, तासभर. समाधान झालं?"

"चल वर," मी म्हणालो.

"तू? वर?"

सतरा पायऱ्या आहेत. दोन वर्षांत मी त्या चढलो नव्हतो. मधल्या वळणावर थांबून श्वास घेतला तेव्हा ती मागून म्हणाली, "तू इथं पडलास तर मला कुठला तास वाजला होता हेसुद्धा सांगता यायचं नाही." म्हणजे ती अजून लिओबाच होती.

स्वयंपाकघरात दाराशेजारच्या भिंतीवर ते घड्याळ. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं तिला दिलेलं. घरात दुसरं घड्याळ नाही. नवरा गेल्यावर तिनं बाकीची सगळी वाटून टाकली. एका घरात एकच शहाणा पुरे, असं तिचं म्हणणं.

"वाच," मी म्हणालो.

"तू वाच."

"नाही, तू."

तिनं चष्मा सारखा केला. बराच वेळ घेतला. "चारला दोन कमी."

"मलाही चारला दोनच कमी दिसतायत."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आपण दोघं एकदम एकाच मिनिटाला बिघडलो नसू, लिओबा." मी खिडकी उघडली आणि आम्ही उभे राहिलो. दोन मिनिटं फार मोठी असतात. मग घंटा सुरू झाली. ती ओठांत मोजत होती, मी मोठ्यानं मोजत होतो. चौथ्या ठोक्यानंतर तिनं माझी बाही धरली. पाचवा पडला. त्यानंतर काही पडलं नाही.

"पाच?"

"पाच."

"म्हणजे आठवडाभर मी बरोबर मोजत होते."

"बरोबर मोजत होतीस. हे बावळट हिवाळ्यातच अडकलंय. उन्हाळी वेळ लागल्याचं त्याच्या कानावरच गेलेलं नाही."

वाटलं होतं, ती हसेल किंवा रडेल. ती भडकली. "माझं घड्याळ? चुकतंय?" वेड लागलेलं तिनं मुकाट्यानं स्वीकारलं होतं, पण हे तिला सहन होईना. तिनं खुर्ची ओढली, मला धरायला लावली, आणि एकोणऐंशीव्या वर्षी खुर्चीवर चढून घड्याळ उतरवलं.

पुढचा तासभर ती साहेब आणि मी हमाल. मागचं बटण दाबलं की काटे फिरून बाराला येतात आणि मनोऱ्याची हाक ऐकू येईपर्यंत तिथंच थांबतात. ऐकू आली की धावत बरोबर वेळेला जातात. आम्ही बटण दाबून ते परत भिंतीवर लावून पाहिलं. काटे बाराला गेले आणि बसले. दहा मिनिटं झाली तरी तिथंच. मी म्हणालो, सेल गेला असेल. ती म्हणाली, ख्रिसमसला बदललाय, आणि तरी नवा घातला. काटे बाराला. मी म्हणालो, भिंतीत लोखंड असेल. ती म्हणाली, ऑक्टोबरात हीच भिंत होती, तेव्हा बिनबोभाट एक तास मागं गेलं. फ्रिज बंद केला, वरचा दिवा बंद केला. ढिम्म.

"तुझी तारेची गुंडाळी सुटली असेल," मी म्हणालो.

"माझी गुंडाळी कधी सुटली नाही. एकतीस वर्षांत तुला एक सापडली का?"

"एक सापडली होती."

"ती शेजारच्या टेबलावरच्या गिझेलाची होती." असं म्हणून ती घड्याळ घेऊन बैठकीच्या खोलीत गेली आणि उत्तरेच्या खिडकीत ठेवलं, फ्रँकफर्टकडे तोंड करून. चार-पाच मिनिटांत काटे सुटले आणि धावत जाऊन साडेपाचच्या पुढं थांबले. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

म्हणजे घड्याळ धडधाकट. स्वयंपाकघरातच काहीतरी कलकल करत होतं आणि त्यात मनोऱ्याची हाक बुडत होती. मी तिचा जुना ट्रान्झिस्टर घेतला, दोन स्टेशनांच्या मधल्या शांत जागेवर लावला आणि भिंतीजवळून फिरवायला लागलो. ओव्हनजवळ शांत, किटलीजवळ शांत. घड्याळाच्या खिळ्याखाली फळी आहे, तिथं आलो आणि ट्रान्झिस्टर तळणीत पाणी पडावं तसा तडतडायला लागला.

फळीवर मदतीची पेटी होती. फेब्रुवारीत क्लेमेन्सनं बसवलेली. आई पडली-बिडली तर मनगटावरचं बटण दाबायचं, पेटीतून थेट मदत केंद्राशी बोलणं होतं. पेटीला वीज देणारा तो काळा चौकोनी ठोकळा घड्याळापासून वीतभर अंतरावर प्लगात बसला होता आणि अखंड तडतडत होता. मुलानं काळजीपोटी जे आणलं त्यानंच आईला आठवडाभर वेडी ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी ठोकळा उपटला. ट्रान्झिस्टर गप्प झाला. पेटी मात्र बोलायला लागली, आणि थोड्याच वेळात त्यातून एका बाईचा आवाज आला. "केटररबाई, तुमच्याकडची वीज गेलेली दिसतेय. तुम्ही ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे," लिओबा पेटीकडे वाकून म्हणाली. "मी अगदी ठीक आहे. आठवडाभर ठीकच होते."

मग ती खाली बसली आणि तेव्हा रडली. आवाज न करता, हातात तो ठोकळा धरून. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. एकतीस वर्षं आणि वर अकरा, कधी ठेवला नव्हता.

घड्याळ आम्ही परत भिंतीवर टांगलं. बटण दाबलं, काटे बाराला गेले. ती खात्री करून घ्यायला खुर्चीवरच उभी, मी खुर्ची धरलेली. अशा अवस्थेत क्लेमेन्स किल्लीनं दार उघडून आत आला. हातात कागदांची फाईल.

"आई, खाली उतर आधी. काय चाललंय? एगोनकाका, तुम्ही तरी…"

"शू," लिओबा म्हणाली. "बघ."

तिघं बघत राहिलो. काटे हलले, फिरले आणि सहा वाजून चार मिनिटांवर थांबले. क्लेमेन्सनं खिशातून फोन काढून पाहिलं. सहा-चार. मी त्याला सगळं सांगितलं. उन्हाळी वेळ, पेटी, ठोकळा. दर वेळी बरोब्बर एक तास, हेही. तो खुर्चीत बसला. मंगळवारी त्यानं त्या भिंतीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. खिशात फोन असल्यावर भिंतीकडे कोण बघतो?

"आई, मला माफ कर," तो म्हणाला. "मी नुसतं ऐकलं आणि… एगोनकाकांनी सोमवारी फोन केला तेव्हाच मी घाबरलो होतो."

लिओबा माझ्याकडे वळली.

"तू फोन केलास?"

"हो."

"सोमवारी. जिन्यात माझ्याशी बोललास, आणि मग आत जाऊन फोन केलास."

"हो."

"मला विचारावंसं नाही वाटलं?"

"वर चढावं लागलं असतं," मी म्हणालो. मग हे फारच वाईट उत्तर आहे हे माझं मलाच कळलं, म्हणून खरं सांगितलं. "घाबरलो होतो, लिओबा. तुझ्या तोंडून ऐकायची भीती वाटली. तू गेलीस तर मी काय करू, हेच डोक्यात होतं, आणि तुला पाठवायची व्यवस्था मीच केली."

क्लेमेन्स फाईलच्या कोपऱ्याशी चाळा करत होता. तिनं ती त्याच्याकडून घेतली, बंद केली आणि परत दिली. "त्यांना उद्या नाही म्हणून कळव. आणि ही पेटी बाहेर पॅसेजमध्ये बसव, मला हवी आहे ती. पडले तर पडले, म्हातारी आहेच मी." मग मला म्हणाली, "आणि तू. उद्यापासून रोज तीनला वर यायचं. नुसतं शुक्रवारी नाही, रोज. माझ्या डोक्याचं काय चाललंय ते स्वतः येऊन बघ, आणि जे दिसेल ते आधी मला सांग. त्याला नंतर."

"माझे गुडघे…"

"गुडघ्यांबद्दल मी काही विचारलं का?"

शनिवारी मी दाढी केली आणि निघालो. जिन्याच्या वळणावर दोनदा थांबावं लागलं. दार ठोठावलं तेव्हा तीन वाजून सहा मिनिटं झाली होती.

लिओबानं दार उघडलं. एकदा स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"सहा मिनिटं उशीर," ती म्हणाली. "तुझ्या मुलीला फोन करू, की आधी तुलाच विचारू?"